बेटावरचे घर आणि शहरातली खोली

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ गेली वीस वर्षे मुंबईस एका खासगी कचेरीत नोकरीस आहेत. दर उन्हाळ्यात ते आठ-दहा दिवसांसाठी बेळगावकडे आपल्या वडिलोपार्जित घरी येतात व परत जाण्यापूर्वी आम्हांस भेटल्यावाचून राहत नाहीत. 2024 सालच्या मे महिन्यात ते सपत्नीक आले, तेव्हा त्यांच्या हाती एक शाळकरी वही होती. ती उघडून त्यांनी आमच्यापुढे ठेवली. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढलेली. डावीकडे वर 'मुंबई' असे लिहिलेले, उजवीकडे 'दिवाडी'.

"फादर, आपण दोन्ही बाजू पाहून सांगा," ते म्हणाले. "आकडे मी मांडले आहेत, पण बेरीज करण्याचा धीर होत नाही."

हकिकत अशी होती. त्यांच्या पत्नीचे माहेर गोव्यात, मांडवी नदीतील दिवाडी बेटावर. वडील वारलेले, भाऊ आखातात नोकरीस, आणि सत्त्याहत्तर वर्षांची आई जुन्या कौलारू घरात एकटी. आईस मुंबईस आणावे, की आपणच मुंबईचे बिऱ्हाड मोडून बेटावर राहावयास जावे, हा प्रश्न. आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. ज्या जागेचा हिशेब करावयाचा ती जागा पाहिल्यावाचून सल्ला देणे योग्य नव्हे, इतकेच म्हणालो.

मुंबई आम्हांस अपरिचित नाही. सेमिनरीचे शिक्षण संपल्यावर काही वर्षे आम्ही तेथे काढली आहेत. दिवाडीस जाण्याचा योग मात्र त्याच वर्षी डिसेंबरात आला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या प्रदर्शनासाठी आम्ही जुने गोवे येथे गेलो होतो. गर्दीतून वाट काढीत व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेले की रस्ता सरळ धक्क्यावर उतरतो. तेथे फेरीबोट उभी असते. पायी जाणाऱ्यास भाडे पडत नाही. काही मिनिटांत आपण पलीकडे पोचतो, आणि मागे लोटलेला तो जनसमुदाय जणू दुसऱ्याच देशात राहिला असे वाटू लागते.

बोटीतून मागे वळून पाहताना एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. ज्या किनाऱ्यावरून आम्ही निघालो, तेथे एके काळी पूर्वेकडील एक महानगर होते. रोगराईने ते ओस पडत गेले आणि 1843 साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीस मिळाला. आज तेथे भव्य चर्चे आहेत. पण त्यांच्याभोवतीचे नगर नाही. समोरच्या बेटावर मात्र भातशेती, नारळीची झाडे आणि नांदती घरे आहेत.

आता त्या वहीकडे वळू. पहिली ओळ घराची. मुंबईच्या रकान्यात भाडे होते, आणि ते त्या गृहस्थांच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा खात होते. जागा नालासोपाऱ्यास, एक खोली व स्वयंपाकघर. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की घरमालक भाडे वाढवणार, नाहीतर दुसरी जागा पाहावयास सांगणार. दिवाडीच्या रकान्यात त्यांनी ठळक शून्य लिहिले होते.

ते शून्य पाहून वाचकांपैकी कित्येकांस हेवा वाटेल; परंतु प्रत्यक्ष घर पाहिल्यावर आम्हांस ते तितकेसे खरे वाटले नाही. जांभ्या दगडाच्या त्या घराच्या ओसरीवर पाच माणसे आरामात झोपतील. पण मागच्या बाजूचे वासे वाळवीने खाल्ले होते, आणि कोकणचा पाऊस दर वर्षी कौलांची परीक्षा पाहतो. शिवाय पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा गोव्यात अजून चालू असल्यामुळे, वडिलांच्या पश्चात घरावर पत्नीचा निम्मा हक्क राहतो व उरलेल्या निम्म्यात मुले व मुली सारख्याच वारस ठरतात. ही न्यायाची गोष्ट आहे. मात्र वाटणी झालेली नसली म्हणजे मोठ्या दुरुस्तीस सर्वांची संमती लागते, आणि एक भाऊ परदेशात असला म्हणजे ती मिळविण्यात महिने जातात. गोव्यात दारे लावून बसलेली जी जुनी घरे दिसतात, त्यांपैकी कित्येकांची कथा हीच आहे. तेव्हा शून्याच्या जागी दुरुस्तीची एक रक्कम दर वर्षी धरावी, असे आम्ही वहीत पेन्सिलीने लिहिले.

दुसरी ओळ अन्नाची. बेटावर सर्व काही स्वस्त, अशी आपली एक गोड समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. गोव्यात खपणारी भाजी व दूध यांचा मोठा भाग आमच्या बेळगावकडूनच जातो. पहाटे येथून निघालेला कोबी चोर्ल्याचा घाट उतरून, मालगाडीचे भाडे अंगावर घेऊन, शेवटी फेरीबोटीने नदी ओलांडतो. मग तो स्वस्त कसा राहील? मासळी समोरच्या पाण्यातली, तरीही प्रवासी व हॉटेले यांच्या मागणीमुळे तिचा भाव चढाच असतो. 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांस समुद्रबंदी असते, तेव्हा तर विचारूच नये. आणि 2025 साली नारळाचे भाव असे भडकले की नारळाच्या मुलखातच गृहिणी अर्ध्या नारळात आमटी भागवू लागल्या.

तथापि, या अडचणीवर बेटाने जुना उपाय शोधून ठेवला आहे. त्यास तेथे 'पुरुमेंत' म्हणतात. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, सुकी व खारवलेली मासळी, मिरच्या, कांदे, आमसुले, लोणची यांची बेगमी करून ठेवावयाची. ज्याच्याजवळ साठवणीची खोली आहे त्यास हे साधते. नालासोपाऱ्याच्या स्वयंपाकघरात दोन डबे जास्त ठेवावयाचे तर पाय ठेवण्यास जागा उरत नाही. मग रोजचे रोज आणावे लागते आणि दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो. तात्पर्य, शहरात महागाई केवळ भावाची नसते. जागेच्या अभावाचीही असते.

तिसरी ओळ प्रवासाची. येथे मुंबईचा रकाना आश्चर्य वाटावे इतका लहान होता. विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटरांचे अंतर. तरी लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मध्यम वर्गास सहज परवडतो. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे 2019 पासून पाच रुपये होते, ते 2025 च्या मे महिन्यात दहा रुपये झाले. तरीही जगातील महानगरांच्या मानाने हा खर्च थोडाच. परंतु या ओळीत एक आकडा लिहावयाचा राहून गेला होता. ते गृहस्थ रोज जाऊन-येऊन साडेतीन तास प्रवास करतात. वर्षात दोनशे नव्वद दिवस कामाचे धरले तर हे हजाराहून अधिक तास होतात. म्हणजे रात्र व दिवस मिळून एकेचाळीस दिवसांहून जास्त. आम्ही हा हिशेब मांडून दाखविला तेव्हा त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "म्हणूनच मुलींना बाबा फक्त रविवारी दिसतात."

दिवाडीकरासही पाणी ओलांडावे लागते. बेटावर नोकऱ्या थोड्या. पणजीस वा कारखान्यांच्या वसाहतींत जाणारे सकाळी धक्क्यावर उभे असतात. बोट चुकली की थांबावयाचे. पूल हवा म्हणणारे लोक बेटावर आहेत, आणि पूल झाला की बेट उरणार नाही म्हणणारेही आहेत. विशेष म्हणजे कोकण रेल्वेचा मार्ग याच बेटावरून जातो. 1998 पासून मुंबईच्या गाड्या त्यांच्या शेतांवरून धडधडत जातात. पण तेथे स्थानक नाही. मुंबई दिवसातून अनेकदा अंगणावरून जाते आणि थांबत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

चौथी ओळ दुखण्याची. येथे मुंबईचे पारडे निःसंशय जड आहे. परळचे के. ई. एम. रुग्णालय, तेथेच जवळ टाटा रुग्णालय, भायखळ्याचे जे. जे.; गरिबास थोड्या पैशांत मोठ्या डॉक्टरांचा हात लागतो तो अशा ठिकाणी. गोव्यातही बांबोळीस मोठे सरकारी रुग्णालय आहे, आणि ज्या वैद्यकीय शाळेचा ते वारसा सांगते ती 1842 सालची. परंतु रात्री फेऱ्या विरळ झाल्यावर छातीत कळ आली, तर मधले पाणी फार रुंद होते. या भीतीस रुपयांत मोजता येत नाही. म्हणून वहीत तिचा आकडा नव्हता. मुलींच्या शिक्षणाचेही थोडेबहुत तसेच: शाळा बेटावर आहे, महाविद्यालयासाठी नदी ओलांडावी लागते.

पाचवी ओळ मिळकतीची, आणि सर्व हिशेब येथेच अडतो. मुंबईचा पगार दिवाडीस मिळणार नाही. खर्च एक तृतीयांश कमी झाला आणि मिळकत निम्म्याने घटली, तर स्वस्ताई कोठे राहिली? म्हणूनच पिढ्यान्‌ पिढ्या गोव्याचे तरुण शहराकडे व जहाजांकडे गेले. मुंबईत धोबीतलावास, जेर महाल इमारतीत व आसपास, गोव्याच्या गावागावांचे क्लब आहेत. त्यांस 'कूड' म्हणतात. एका मोठ्या खोलीत भिंतीलगत रांगेने ठेवलेल्या ट्रंका, रात्री जमिनीवर अंथरूण, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोजरी, आणि भाडे अगदी नाममात्र. जहाजावर काम मिळेपर्यंत गावचा माणूस तेथे राही. शहरातील महागाईवर गावाने शोधलेले ते उत्तर होते: एकट्यास खोली परवडत नाही, पण गावास परवडते.

आणि गंमत अशी की, ज्या मुंबईची आपण बेटाशी तुलना करतो ती स्वतः सात बेटेच होती. नारळीच्या बागा, भातशेते, मिठागरे व कोळीवाडे यांची ही बेटे 1661 च्या विवाहाच्या तहाने इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि 1668 साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. सबंध मुंबईचे भाडे दहा पौंड! आज तेवढ्या पैशांत एका रात्रीपुरती बरी खोलीही मिळणे कठीण. जमीन तीच, तिच्यावर उभी राहावयास माणसे किती धडपडतात यावर तिची किंमत ठरते. दिवाडीच्या जुन्या घरांसही आता दूरच्या शहरांतून गिऱ्हाइके येऊ लागली आहेत, हे तेथील लोकांनी विसरू नये.

एवढे सर्व झाल्यावर आम्ही आईस भेटलो. तिने चहा केला व ओसरीवर बसून शेते दाखविली. ही खाजन शेते. भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीची. मातीच्या बांधांनी खारे पाणी अडवावयाचे, 'मानस' म्हणतात त्या लाकडी दारांनी त्याची ये-जा राखावयाची, आणि पावसाळ्यात खार सोसणारे कोरगुट भात पिकवावयाचे, ही तेथील शतकानुशतकांची विद्या. बांध कोणा एकाचा नसतो. पूर्वी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, त्याची निगा राखी; 1964 च्या कूळकायद्यानंतर ती जबाबदारी पुष्कळशी कुळांच्या संघटनांकडे आली. बांधास एक भगदाड पडले की सर्वांच्याच शेतांत खारे पाणी शिरते. म्हणून एकाने हाक मारली की दुसऱ्याने धावावयाचे, हा तेथील नियम.

"लेक बोलावते, जावई भला आहे," ती म्हणाली. "पण तेथे मी हाक कोणाला मारू?"

आम्ही तिच्यापुढे तत्त्वज्ञान सांगितले नाही. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती. बोलता बोलता तिने दाखविलेल्या शेतांपैकी कित्येक पडीक होती. हाक ऐकणारी माणसे बेटावरही कमी होत चालली आहेत. जी मुले पैसे धाडतात तीच बांधावर नसतात. तेव्हा बेटावरील जीवन सुखाचे व शहरातील दुःखाचे, असा निवाडा देणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहर पैसा देते आणि वेळ घेते. बेट वेळ देते. पण तो ज्यांच्यासोबत घालवावा ती माणसे तेथे उरली असतील तरच त्या वेळेचे मोल.

परत आल्यावर आम्ही त्या गृहस्थांस पत्र लिहिले. वहीत तिसरा रकाना घालावा आणि प्रत्येक ओळीपुढे 'हे कोणासाठी?' असे विचारावे, इतकेच त्यात सुचविले. भाडे मुलींच्या शिक्षणासाठी असेल, तर ते वाया जात नाही. दुरुस्ती आईच्या छपरासाठी असेल, तर तो केवळ खर्च नव्हे. परंतु ज्या ओळीपुढे उत्तरच सापडत नाही, तीवर कितीही थोडे पैसे गेले तरी ते महागच.

2025 च्या मे महिन्यात ते पुन्हा भेटावयास आले. वही बरोबर होती, आणि बेरीज अजूनही केलेली नव्हती. पण निर्णय झाला होता. आखातातील भावाने संमतीपत्र व दुरुस्तीचा अर्धा खर्च धाडला होता. मागचे वासे बदलून झाले होते. थोरल्या मुलीची बारावी होईपर्यंत वडील व ती नालासोपाऱ्यास राहणार; पत्नी व धाकटी पावसाळ्यापूर्वी दिवाडीस जाणार, कारण रात्रीची भीती सर्वांत अधिक असते ती पावसाळ्यातच. त्यानंतरचे त्यानंतर पाहावयाचे. यात त्यांचा खर्च वाढणार होता, कमी होणार नव्हता. दोन चुली म्हणजे दोन सिलिंडर.

"हिशेबाने हे चुकीचेच आहे, फादर," ते म्हणाले.

आम्ही वही मिटून त्यांच्या हाती दिली. त्यांच्या पत्नीने पिशवी उचलली. तीत पुरुमेंतासाठी बेळगावच्या बाजारातून घेतलेल्या मिरच्या होत्या.