ई-मेल खरा की खोटा? नाव नको, हेडर पाहा

बुलढाणा : ‘पीएम किसान खात्याची ई-केवायसी अपूर्ण आहे. २४ तासांत खालच्या लिंकवर माहिती भरा, नाहीतर पुढचा २ हजारांचा हप्ता थांबेल.’ पाठवणाऱ्याच्या जागी सरकारी खात्याचं नाव, शेजारी तिरंग्याचं चित्र. असा ई-मेल मोबाईलवर आला की माणूस आधी घाबरतो आणि मग थेट लिंकवर बोट ठेवतो. मेल नेमका आला कुठून, हे पाहायचं राहूनच जातं.

हे पाहता येतं. प्रत्येक ई-मेलच्या पोटात त्याच्या प्रवासाची नोंद असते. तिला ‘हेडर’ म्हणतात. तो पाहायला पैसे लागत नाहीत आणि इंजिनिअर असावं लागत नाही. मात्र हेडर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही माहीत असायला हवं. नाहीतर खोटा मेल खरा वाटतो, किंवा उगाच एखाद्या निरपराध माणसावर आळ येतो.

गावात ई-मेलपेक्षा व्हॉट्सॲपच जास्त चालतं, हे खरं. पण नोकरीचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, विम्याची पॉलिसी, कृषी केंद्राची बिलं, शेतकरी उत्पादक कंपनीचे कोटेशन असे पैशाचे कागद ई-मेलवरच येतात. म्हणून तिथं एक चूक झाली तरी ती महागात पडते.

नाव कुणीही लिहू शकतो

जुनं आंतरदेशीय पत्र आठवा. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायची जागा असायची. तिथं मेहकरच्या माणसानं ‘मुंबई’ लिहिलं तरी कुणी अडवत नव्हतं. पण पत्र ज्या पोस्टातून निघालं तिथला शिक्का त्यावर बसायचा. जाणता माणूस नावावर विसंबत नसे, शिक्का पाहायचा.

ई-मेलचंही तसंच आहे. मेल पोचवण्याचे मूळ नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा हे जाळं मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांच्यापुरतं होतं. त्यामुळे ‘फ्रॉम’च्या जागी लिहिलेलं नाव खरं की खोटं, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. ती पुढे, फसवणूक वाढल्यावर जोडली गेली. आजही दिसणारं नाव पाठवणारा हवं ते टाकू शकतो. शिक्के मात्र हेडरमध्ये असतात.

हेडर दिसतो कुठं?

पहिली तपासणी मोबाईलवरच होते. जीमेलमध्ये मेल उघडा. पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या बाजूच्या छोट्या बाणावर टिचकी मारा. आता नावामागचा पूर्ण ई-मेल पत्ता दिसेल. वर सरकारी योजनेचं नाव आणि खाली कुणाचा तरी साधा जीमेलचा पत्ता असेल, तर पुढं जायची गरजच नाही. तो मेल खोटा समजा.

पत्ता वाचताना ‘ॲट’च्या पुढचा भाग शेवटाकडून वाचा. पीएम किसानची खरी वेबसाइट ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ अशी आहे. ठग ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असं लांबलचक नाव करतात. सुरुवात ओळखीची दिसते म्हणून माणूस फसतो. पण मालकी ठरते ती शेवटच्या भागावरून. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ नसेल, तर सरकारी नाव कितीही मोठ्या अक्षरात असो, त्यावर भरवसा ठेवू नका. बँकांसाठीही अशीच खूण आली आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

पूर्ण हेडर पाहायचा तर संगणक किंवा लॅपटॉप लागतो. तिथं जीमेल उघडून मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. सेवा केंद्रातल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या संगणकावर हे करायची वेळ आली, तर पासवर्ड जतन करू नका आणि काम झाल्यावर लॉग आउट करायला विसरू नका.

तीन शब्द शोधा

‘शो ओरिजिनल’च्या पानावर वरच एक तक्ता दिसतो. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन शब्द असतात आणि प्रत्येकापुढं ‘पास’ किंवा ‘फेल’ असा शेरा असतो.

एसपीएफ म्हणजे परवानगीची यादी. आमच्या नावानं कोणकोणत्या सर्व्हरवरून मेल निघू शकतो, हे प्रत्येक संस्था आधी जाहीर करते. मेल त्या यादीबाहेरच्या सर्व्हरवरून आला तर तपासणीत अडकतो.

डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहोर. मेल निघताना पाठवणारा सर्व्हर त्यावर गणिती शिक्का मारतो. वाटेत कुणी मजकूर बदलला तर मोहोर फुटते.

डीमार्क या दोन्हींचा मेळ घालतो. तुम्हाला दिसणारा पत्ता आणि तपासणीत उतरलेला पत्ता एकाच घरचा आहे का, हे तो पाहतो.

तिन्ही ‘फेल’ आणि वर बँकेचं नाव, तर मेल बनावट असण्याचीच शक्यता जास्त. पण तिन्ही ‘पास’ दिसले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. ‘पास’ कोणत्या नावासाठी आहे, ते त्याच ओळीत वाचा. ठगानं स्वतःचं डोमेन विकत घेऊन त्यावरून मेल पाठवला, तर त्याच्या नावापुरते तिन्ही ‘पास’च येतील. चोराकडं स्वतःचं ओळखपत्र खरं असू शकतं. तो बँकेचा माणूस आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

शिक्के खालून वर वाचायचे

तक्त्याखाली इंग्रजी अक्षरांचं जंगल दिसतं. घाबरू नका. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या शोधा. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून गेला, त्या प्रत्येकानं आपली एक ओळ वर चढवलेली असते. म्हणजे सर्वांत खालची ओळ प्रवासाच्या सुरुवातीची आणि सर्वांत वरची तुमच्या दारातली. प्रत्येक ओळीत कुणाकडून आला, कुणी घेतला आणि किती वाजता, एवढं असतं. सोबत चौकटी कंसात आकड्यांचा आयपी पत्ता असतो. इंटरनेटवर जोडलेल्या यंत्राचा हा क्रमांक.

इथं तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, खालच्या ओळी ठग स्वतःही घुसडू शकतो. तुमच्या मेल कंपनीनं, म्हणजे जीमेल असेल तर गुगलनं, मारलेल्या वरच्या ओळींवरच पक्का विश्वास ठेवता येतो. गुगलनं मेल बाहेरच्या ज्या आयपीकडून घेतला, तो आयपी सर्वांत कामाचा.

दुसरी, १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला तर तो सोडून द्या. असे पत्ते घरातल्या किंवा ऑफिसातल्या अंतर्गत जाळ्यात वापरतात. जगभर लाखो घरांत तेच आकडे असतात.

तिसरी, वेळ. भारताची वेळ अधिक ०५३० अशी लिहिलेली असते. पण गुगलच्या ओळींमध्ये बहुतेक वेळा अमेरिकेची वेळ, म्हणजे उणे ०७०० किंवा उणे ०८००, दिसते. एवढ्यावरून मेल अमेरिकेतून आला असं म्हणू नका. तो गुगलच्या घड्याळाचा भाग आहे.

आणि मेल मुळात जीमेलवरूनच पाठवलेला असेल, तर हेडरमध्ये गुगलचाच आयपी येतो. पाठवणाऱ्याच्या मोबाईलचा आयपी तिथं सहसा नसतो. तो गुगलकडं असतो आणि पोलिसांनी रीतसर मागितला तरच मिळू शकतो.

आयपी मिळाला, माणूस नाही

आयपी शोधणाऱ्या वेबसाइट गावाचं नाव दाखवतात, नकाशावर लाल टिंबही देतात. ते टिंब ढोबळ असतं. मोबाईल इंटरनेटवर तर एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो. त्यामुळे जळगाव जामोदमधला मोबाईल नकाशावर मुंबईत दिसू शकतो.

आयपीवर घाईनं विसंबलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्याचा आयपी शोधला आणि माग थेट नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचला. तिथं एक अमेरिकन नागरिक भाड्यानं राहत होता. दहशतवादविरोधी पथकानं त्याची कसून चौकशी केली. अखेर कळलं ते असं, की मेल त्यानं पाठवलाच नव्हता. त्याच्या घरचं वाय-फाय कुणीतरी बाहेरून वापरलं होतं.

पुढच्या दोन महिन्यांत आलेल्या तशाच मेलचा माग मुंबईत माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी इथं लागला. तिथंही दुसऱ्याचंच वाय-फाय वापरलेलं होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेनं या प्रकरणात अटक केली, त्यात पुण्यातला एक सॉफ्टवेअर इंजिनिअरही होता.

म्हणजे आयपीनं यंत्रणांना बरोबर दारापर्यंत नेलं, पण गुन्हेगार त्या दारामागं नव्हता. ज्यांच्याकडं सगळी साधनं होती त्यांनाही पुढचा माग काढायला आठवडे लागले. मग गावात कुणी आयपीचा नकाशा दाखवून ‘हे अमक्याचंच काम’ म्हणत असेल, तर त्याचं ऐकून कुणाच्या दारात जाऊ नये. हेडर पाहून मेलवर भरवसा ठेवायचा की नाही, एवढं आपण ठरवू शकतो. पाठवणारा कोण, हे शोधणं पोलिसांचं काम.

सगळं ‘पास’, तरी पैसे गेले

एक फसवणूक अशी आहे, जिथं हेडरही मदतीला येत नाही. समजा, एखादी शेतकरी उत्पादक कंपनी धान्य सफाईचं यंत्र घेते आहे. महिनाभर पुरवठादाराशी मेलवर बोलणं चालू आहे. शेवटी मेल येतो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम या नव्या खात्यावर पाठवा.’ पत्ता तोच, जुनं बोलणं खाली तसंच. कारण ठगानं पुरवठादाराचा ई-मेलच ताब्यात घेतलेला असतो. अशा वेळी तिन्ही तपासण्या ‘पास’ येतात.

इथं एकच उपाय. खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून आपल्याकडं असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. शिवाय ‘रिप्लाय टू’ ही ओळ पाहा. मेल एका पत्त्यावरून आणि उत्तर दुसऱ्याच पत्त्यावर जात असेल, तर पैसे थांबवा.

एसएमएसवरही खूण

बँकेचा एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाही, ठरावीक अक्षरांच्या नावानं येतो. त्यालाही हेडरच म्हणतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार २०२५ पासून या नावाच्या शेवटी एक अक्षर लागतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. ‘खातं बंद होईल’ असा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आला, तर लिंक उघडू नका. एपीके फाइल आली असेल तर ती अजिबात इन्स्टॉल करू नका.

संशय आला तर काय करायचं?

• मेल डिलीट करू नका. राग आला तरी ठेवा. पुरावा तोच आहे.

• नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात हेडर येत नाही. साधा फॉरवर्ड केला तरी नवा हेडर तयार होतो आणि मूळ शिक्के हरवतात. ‘शो ओरिजिनल’च्या पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ असतं, तिथून मूळ फाइल उतरवून ठेवा आणि तक्रारीला तीच जोडा.

• पैसे गेले असतील तर आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. उद्या बँक उघडल्यावर पाहू, असं म्हणू नका.

• तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. संगणकाच्या मदतीनं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

• महिनोन्महिने थांबू नका. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना त्यांच्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. त्यानंतर नोंद उरेलच, याची खात्री नाही. आयपीसोबत नेमकी वेळ असेल तरच ग्राहक शोधता येतो आणि ती वेळ मूळ मेलमध्येच असते.

• घरच्या, दुकानातल्या, ग्रामपंचायतीतल्या वाय-फायला मजबूत पासवर्ड ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत बसू नका. दुसऱ्याच्या गुन्ह्याचा माग आपल्या दारात यायला एक उघडं वाय-फाय पुरतं.