लाभांश आणि शेअरचा भाव

'पाचशे टक्के लाभांश जाहीर!' अशी बातमी वर्तमानपत्रात झळकली की सामान्य माणसाचे डोळे विस्फारतात. गेल्या वर्षी माझ्या मामांचे तसेच झाले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून त्यांनी लाभांशाच्या ठरलेल्या तारखेच्या आदल्याच दिवशी एका कंपनीचे शंभर शेअर घेतले. दुसऱ्या दिवशी भाव उतरला. "तू कॉमर्सला आहेस ना? मग सांग, माझे काय चुकले?" असे त्यांनी मला विचारले. त्यांना दिलेले उत्तर येथे मांडतो.

प्रथम टक्केवारी पाहू. ती बाजारभावावर नव्हे, तर शेअरच्या दर्शनी किमतीवर काढतात. दर्शनी किंमत २ रुपये असेल, तर पाचशे टक्के म्हणजे १० रुपये. तोच शेअर बाजारात १,००० रुपयांना घेतला असेल, तर घेणाऱ्याच्या पदरात पडतो अवघा एक टक्का!

आता भावाकडे वळू. लाभांश कंपनीच्याच तिजोरीतून येतो. भागधारकाला १० रुपये मिळाले, म्हणजे कंपनीची मालमत्ता दर शेअरमागे तेवढीच घटली. त्यामुळे ठरलेल्या तारखेपासून शेअर 'लाभांशाविना' विकला जाऊ लागला, की अन्य काही कारण न घडल्यास त्याचा भाव ९९० रुपयांच्या आसपास येतो. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला, इतकेच. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लाभांश हा भागधारकाच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो.

मग लाभांशाचा भावावर दुसरा काहीच परिणाम नाही काय? मोदिल्यानी व मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये असे प्रतिपादन केले, की कर व दलाली नसतील आणि माहिती सर्वांना सारखीच असेल, तर शेअरचे मूल्य कंपनीच्या कमाईवर ठरते, नफ्याच्या वाटपावर नव्हे. परंतु प्रत्यक्षात कंपनीच्या आतल्या गोष्टी बाहेरच्यांना कोठे ठाऊक असतात? म्हणून लाभांश अपेक्षेपेक्षा वाढला, की संचालकांना पुढील कमाईची खात्री आहे असे बाजार मानतो आणि घोषणेबरोबर भाव चढतो. लाभांश घटला, की मनात शंका येते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने महागाईला आळा घालण्यासाठी वटहुकूम काढून लाभांशावर मर्यादा घातली. नफ्याचा एक तृतीयांश किंवा दर्शनी किमतीच्या १२ टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वाटता येणार होती. कंपन्यांची कमाई त्यामुळे घटली नव्हती; न वाटलेला पैसा कंपनीतच राहणार होता. तरीही शेअरबाजार कोसळला. कारण कागदावरच्या नफ्यापेक्षा हाती येणाऱ्या रकमेवर लोकांचा भरवसा अधिक!

तात्पर्य, लाभांशासाठी आदल्या दिवशी धावण्यात अर्थ नाही. कंपनी तो वर्षानुवर्षे कमाईतून देते, की गंगाजळी मोडून वा कर्ज काढून, हे पाहावे. मामांनी ते शेअर विकलेले नाहीत. हल्ली रविवारी ते माझ्याकडून ताळेबंद वाचायला शिकत आहेत.