तीन दरबार, तीन तोंडे

जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे लहानसे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथे आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. मराठी फौज शौर्यात कमी पडली का? मुळीच नाही. तिच्या तोफांनी इंग्रजांकडील दीड हजारांवर माणसे मारली वा जायबंदी केली. मग बिनसले कुठे?

उत्तरासाठी रणांगण सोडून दरबारात जावे लागते. परक्यांशी बोलायचे कोणी, हा मराठेशाहीचा जुना प्रश्न. नाना फडणिसांनी 1780 च्या सुमारास निजाम, हैदर आणि भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका सूत्रात गोवले होते. सूत्र पुढे सैल झाले, पण ते धरणारा हात पुण्यात होता. मार्च 1800 मध्ये नाना गेले आणि तो हातही गेला. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांना हरवले. दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि 31 डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. यापुढे इंग्रजांना विचारल्यावाचून इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, हे त्यातलेच एक कलम!

एकत्र कुटुंबात थोरल्याने कुणालाही न विचारता घर गहाण टाकावे, दोघा भावांनी सावकाराशी भांडावे आणि तिसऱ्याने ओसरीवर बसून राहावे, तशातली गत झाली. होळकर 1804 मध्ये लढायला उभे राहिले, तेव्हा इतरांचे तह होऊन गेले होते.

इंग्रजांचेही कारभार अनेक होते : कलकत्ता, मुंबई, मद्रास, शिवाय दरबारोदरबारी रेसिडेंट. पण जून 1803 मध्ये गव्हर्नर जनरलने दख्खनचे लष्करी आणि राजकीय असे दोन्ही अधिकार आर्थरच्या, म्हणजे आपल्या धाकट्या भावाच्याच हाती दिले. शिंद्यांच्या छावणीत आठवडेच्या आठवडे बोलणी रेंगाळली. 3 ऑगस्टला रेसिडेंट कॉलिन्स छावणी सोडून निघाला. 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. कलकत्त्याच्या हुकमाची वाट पाहावी लागली नाही.

21 सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी मिळून 24 तारखेला हल्ला करायचा बेत ठरला. पण 23 ला शत्रू समोर दिसताच वेलस्ली एकटाच भिडला. त्याच्या घाईची किंमत त्याच्या शिपायांनी मोजली. अधिकार एकवटला म्हणजे शहाणपण येतेच असे नाही. पण निर्णय मात्र होतो.

पराभवानंतरही शहाणपण आले नाही. भोसल्यांनी 17 डिसेंबरला देवगावला, तर शिंद्यांनी 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला तह केला. लढले एकत्र, वाकले वेगवेगळे.

आज दिल्लीत परराष्ट्र, संरक्षण, गृह, वाणिज्य अशी अनेक खाती बाहेरच्या जगाशी व्यवहार करतात. त्यांची सांगड घालण्यासाठी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन व्हायला 1998 उजाडले. मतभेद चार भिंतींत व्हावेत, बाहेर शब्द मात्र एकच जावा, एवढाच त्याचा मथितार्थ.

कधी मुलांना घेऊन असईला गेलात, तर तोफांच्या गोष्टी जरूर सांगा. पण बाजीरावांनी सही करण्यापूर्वी कुणाकुणाला विचारायला हवे होते, हेही त्यांना विचारा. मुले बरोबर उत्तर देतील.