थकलेलं भाडं

नोव्हेंबर लागला की मी 'बिवेअर द ग्रे घोस्ट' लावून बसतो. 'बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सीरीज' या मालिकेचा हा बावीस मिनिटांचा भाग अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला ४ नोव्हेंबर १९९२ रोजी. त्यात बॅटमॅनचा आवाज झालेले केविन कॉनरॉय गेले १० नोव्हेंबर २०२२ रोजी. मधे तीस वर्षं आणि सहा दिवस. ग्रे घोस्टचा आवाज झालेले अ‍ॅडम वेस्ट त्याआधीच, २०१७च्या जूनमध्ये गेले होते. पण मला हे लिहायला बसवलं ते या दोन मृत्यूंनी नाही. बसवलं ते २०२३च्या जूनमध्ये थिएटरात बघितलेल्या 'द फ्लॅश'ने.

त्या चित्रपटाच्या शेवटी अनेक विश्वांचे गोल एकमेकांवर आदळू लागतात आणि त्या गोलांमध्ये जुने सुपरहिरो दिसतात. १९५९ साली वारलेले जॉर्ज रीव्ह्ज. २००४ साली वारलेले ख्रिस्तोफर रीव्ह. आणि वेस्ट यांचा बॅटमॅनही. संगणकाने जिवंत केलेले चेहरे दोनचार क्षण आले आणि गेले. आजूबाजूला शिट्ट्या वाजत होत्या. माझ्या पोटात मात्र कालवत होतं. कॉनरॉयना जाऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. उद्या त्यांचा आवाजही असाच कुठल्या तरी गोलात भरून ठेवतील, हे एकदा मनात आलं ते आलंच.

वेस्ट यांनी १९६६ ते १९६८ या काळात एबीसी वाहिनीवर १२० भागांत बॅटमॅन साकारला. मालिका बंद पडली आणि तो मुखवटा त्यांच्या चेहऱ्याला कायमचा चिकटला. निर्माते गंभीर भूमिका देईनात, आणि पोटासाठी तोच पोशाख चढवून जाहीर कार्यक्रमांत मिरवावं लागलं. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांतल्या नटांचं हेच झालेलं आपण बघितलं आहे. लोक रस्त्यात पाया पडतात, आणि घरी कामाचा फोन येत नाही.

१९९२ साली अ‍ॅनिमेटेड मालिकेचे निर्माते ब्रूस टिम, एरिक रॅडोम्स्की आणि त्यांच्या मंडळींनी वेस्ट यांच्यासाठी काय केलं, ते 'बिवेअर द ग्रे घोस्ट'मध्ये आहे. लहानगा ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, वडिलांबरोबर टीव्हीवर 'ग्रे घोस्ट' बघतोय, तिथून हा भाग सुरू होतो. ब्रूसच्या मोठेपणी गॉथम शहरात बॉम्बस्फोट होऊ लागतात, अगदी त्या मालिकेतल्या एका भागासारखे. पण तो भाग बघताना ब्रूसचा डोळा लागला होता, शेवट त्याला आठवत नाही. म्हणून बॅटमॅन शोधत जातो सायमन ट्रेंटला, ग्रे घोस्ट झालेल्या नटाला. ट्रेंटकडे काम नाही, खोलीचं भाडं थकलंय, आणि ते भरायला तो ग्रे घोस्टच्या जुन्या वस्तू खेळण्यांच्या दुकानदाराला विकतोय. ट्रेंटचा आवाज वेस्ट यांचा. स्वतःची हकिगत दुसऱ्याच्या नावाने सांगायची संधी किती नटांना मिळते?

या भागाचा खरा जीव मला त्या दुकानदारात दिसतो. टेड डायमर हाही ग्रे घोस्टचा चाहता. खेळणी जमवता जमवता त्याचं दिवाळं निघालं, म्हणून तो खेळण्यातल्या गाड्यांमध्ये बॉम्ब भरून शहराकडे खंडणी मागतो. ट्रेंटचा सगळा संसार त्याच्या फळ्यांवर आहे आणि ट्रेंट उपाशी आहे, याचं त्याला काहीच वाटत नाही. बॅटमॅनही चाहताच. त्याची गुहा ग्रे घोस्टच्या गुहेवरून जशीच्या तशी उभारलेली आहे, आणि तिथे तो ट्रेंटला हाताला धरून घेऊन येतो. तुझं काम वाया गेलं नाही, हे त्या माणसाला त्याच्या जिवंतपणी दाखवतो. एकाचा जीव वस्तूंवर, दुसऱ्याचा माणसावर. आणि टिम यांनी डायमरचा आवाज स्वतः दिला. सुपरहिरोंच्या धंद्यात काम करणाऱ्या माणसाने खलनायकाची जागा स्वतःकडे घेतली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. वस्तू आणि माणूस यांतल्या या फरकामुळेच 'द फ्लॅश' मला डायमरच्या फळीवरची वस्तू वाटते.

मी हा भाग बघितला तो अमेरिकेनंतर बऱ्याच वर्षांनी, केबलवर. गावात तेव्हा भारनियमन जोरात होतं. ट्रेंट गुहेत उभा राहून आजूबाजूला बघतोय आणि लाइट गेली. बाबा शेजारी पेपर घेऊन बसले होते, त्यांनी मेणबत्ती लावली. शेवट मला पुढे सीडीवर बघायला मिळाला, कॉलेजात असताना. ब्रूससारखाच मलाही शेवट ठाऊक नव्हता, आणि मधली सगळी वर्षं मी तो मनात निरनिराळ्या तऱ्हेने रचत होतो.

केबल आणि भारनियमनाचं ते दशक माझं होतं. "घोडा झालास तरी कार्टूनच बघतोस का?" हे घरी आलेल्या प्रत्येक काकांनी विचारलं, एका शिक्षकांनी तर भर वर्गात. त्यांना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज देतो. या मालिकेची पार्श्वचित्रं पांढऱ्या कागदावर नव्हे, काळ्या कागदावर रंगवत. आधी अंधार, मग त्यातून हवा तेवढाच उजेड बाहेर काढायचा. शर्ली वॉकर आणि त्यांचे सहकारी भागागणिक नवं संगीत लिहीत आणि ते खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेत. दिग्दर्शिका आंद्रेया रोमानो नटांना शक्यतो एकाच खोलीत बसवून, नभोनाट्य बसवावं तसं ध्वनिमुद्रण करत. म्हणून त्या संवादांत एकाचा श्वास दुसऱ्याच्या वाक्याला लागलेला ऐकू येतो. मुलांची वाहिनी म्हणून बंधनं सतराशे साठ, रक्त दाखवायचं नाही की कुणाचा गळा आवळायचा नाही. त्या कुंपणात राहून 'हार्ट ऑफ आइस'मध्ये त्यांनी मिस्टर फ्रीझ या फुटकळ खलनायकाला बायकोच्या दुखण्याने गोठून गेलेला माणूस केलं. त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. ज्याला हे पोरकट वाटलं त्याने ते बघितलंच नव्हतं.

१९९७ साली चित्रशैली बदलली, आकृत्या टोकदार झाल्या. मला ते रुचलं नाही, अजूनही रुचत नाही. 'जस्टिस लीग' आलं, २००६ साली तेही संपलं. पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मालिका येत गेल्या, मी बघत गेलो, एकही मनात राहिली नाही. २०१६ साली 'द किलिंग जोक'साठी कॉनरॉय आणि जोकरचा आवाज असलेले मार्क हॅमिल पुन्हा एकत्र आले तेव्हा मी दिवस मोजले होते. दोघांचे आवाज शाबूत होते. पण गोष्ट लांबवायला सुरुवातीला जोडलेल्या ठिगळात बॅटगर्लची जी दशा केली, तिचा राग अजून गेलेला नाही.

आता तर एखादा भाग बावीस मिनिटांत सुरू होऊन संपला असं घडतच नाही. प्रत्येक भाग पुढच्या चित्रपटाची जाहिरात, आणि प्रत्येक चित्रपटात जुन्या चेहऱ्यांचा बाजार. ग्रे घोस्ट समजायला मागचं काही बघावं लागत नाही, आणि तो संपल्यावर पुढचं काही विकत घ्यावं लागत नाही.

जाण्याआधी काही महिने कॉनरॉय यांनी 'फाइंडिंग बॅटमॅन' ही छोटी चित्रकथा लिहिली. समलिंगी असल्यामुळे तरुणपणी नट म्हणून किती लपूनछपून राहावं लागलं, घरात काय भोगलं, आणि दोन चेहऱ्यांनी जगायची ती सवय बॅटमॅनच्या आवाजासाठी कशी उपयोगी पडली, हे त्यांनी तिथे उघड सांगितलं. ब्रूस वेनचा हलका, मोकळा आवाज आणि बॅटमॅनचा घोगरा, खोलातून येणारा आवाज असे दोन वेगळे सूर त्यांनी पहिल्यापासून लावले होते. आम्ही त्याला तीस वर्षं कौशल्य म्हणत होतो. ती गोष्ट वाचल्यावर मी तो भाग परत लावला.

लाइट गेल्यामुळे हुकलेला शेवट असा आहे. ग्रे घोस्टच्या कॅसेट नव्याने बाजारात आल्यात, ट्रेंटसमोर स्वाक्षरीसाठी रांग लागलीय. ब्रूस वेन पुढे येतो. लहानपणी वडिलांबरोबर तुम्हाला बघायचो, तुम्ही माझे हिरो होतात, असं सांगतो. हे बोल ट्रेंटने गुहेत ऐकलेले आहेत, पण दुसऱ्या आवाजात. तो मान वर करून समोरच्या माणसाकडे बघतो आणि ओळखतो. तिथे कॉनरॉय आवाज जराही खाली उतरवत नाहीत.