सुरुंगाची खरी किंमत

वर्धा-नागपूर मार्गावरील केळझर हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी स्थानिक परंपरा आहे. बकासुराला गाडाभर अन्नासोबत रोज एक माणूस पाळीपाळीने देऊन त्या नगरीने आपली सुरक्षितता विकत घेतली होती. सुरक्षिततेला किंमत असते, हे निर्विवाद. ती कोणी मोजावयाची, हा खरा प्रश्न होय.

त्याच वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी उत्तररात्री तेथे आग लागून भीषण स्फोट झाले आणि १९ जणांचा बळी गेला. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, तसेच आग विझविण्यास धावलेले भांडाराचे कर्मचारीही होते. पुढे ठपका आला तो सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटी या स्फोटकावर.

रणगाडाविरोधी सुरुंगाला पूर्वी धातूचे कवच असे. प्लॅस्टिकचे कवच आले ते त्याच्या गुणांमुळे. ते हलके असते, गंजत नाही आणि धातुशोधक यंत्राला सहजासहजी सापडत नाही. युद्धातील हाच गुण शांततेच्या काळात दोष ठरतो. माणसाच्या पावलाने असा सुरुंग सहसा उडत नाही. परंतु रणगाडा आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर यांतील भेद त्याला कळत नाही.

शिवाय कवच टिकाऊ असले म्हणजे आतील द्रव्यही निर्धोक असते, असे नव्हे. टीएनटी सुमारे ८० अंश सेल्सियसला वितळते. म्हणूनच ते ओतून भरणे सोयीचे जाते. मात्र त्यात अशुद्ध घटक राहिले, तर कालांतराने तेलकट स्राव पाझरू लागतो. उत्पादनाच्या वेळी तपासणीत केलेली काटकसर अशी वर्षानुवर्षांनी वसूल होते.

आंतरराष्ट्रीय कायदाही येथे अपुरा पडतो. १९९६ च्या सुधारित करारनाम्याने माणसांविरुद्धच्या सुरुंगांत किमान ८ ग्रॅम लोखंडाइतका संकेत देणारा अंश आवश्यक ठरविला. रणगाडाविरोधी सुरुंगांवर तसे बंधन नाही. १९९७ चा ओटावा करारही त्यांना लागू होत नाही. भारत तर त्या करारात सामीलच नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, वस्तूची किंमत खरेदीच्या पावतीवर संपत नाही. साठवण, तपासणी आणि विल्हेवाट यांचा खर्च तीत धरावाच लागतो. तो धरला नाही, तरी नाहीसा होत नाही. दुसऱ्याच्या माथी जातो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत रोजंदारीवरील स्थानिक मजूर होते.

संरक्षणसिद्धतेस कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु सदोष माल वेळीच बाजूला काढणे आणि तो प्रशिक्षित हातांनीच नष्ट करणे, हाही त्या सिद्धतेचाच भाग आहे. त्यासाठीची तरतूद प्रथम व्हावी. नुकसानभरपाईची वेळ त्यानंतर येऊच नये.