खर्जाचा हात

तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून प्रस्थान ठेवतो, पहिली रात्र तिथल्याच इनामदार वाड्यात काढतो आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येतो. त्यामुळे दिंडीतील पखवाजवादकाला एकाच दिवसात, आधी गळ्यात वाद्य अडकवून उघड्या रस्त्यावर आणि मग मुक्कामी छताखालच्या भजनात, अशा दोन अगदी वेगळ्या जागी वाजवावे लागते. खर्ज, म्हणजे संगीताचा सर्वांत खालचा थर, सांभाळणाऱ्या वादकाचे उपजत बळ कशात आहे, हे या दोन जागांमधील फरकातून जितके उघड होते तितके एकट्याच्या रियाजातून होत नाही.

पखवाजाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते, तर डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, वाजवण्यापूर्वी दर वेळी भिजवलेली कणीक थापली जाते. तिच्या वजनाने कातड्याचे कंपन मंदावते आणि स्वर खाली उतरतो. कणीक वाळू लागली की तोच स्वर चढू लागतो. हा सूक्ष्म चढ ज्याला इतरांच्या आधी जाणवतो त्याचे बळ कानात असते. दुसऱ्या एखाद्याचा उघडा पंजा असा पडतो की 'घे' हा खुला बोल घुमत राहतो, आणि तिसऱ्याला 'क' हा बंद बोल, ज्यात पंजा कातड्यावरच ठेवून नाद दाबला जातो, नेमका कुठे हवा ते न सांगता कळते. रस्त्यावर भिंती नसल्याने धुम्याचा नाद परतून येत नाही, तिथे टाळांच्या गजरात वजनदार हातच टिकतो. छताखाली मात्र खालचे स्वर रेंगाळतात आणि तोच हात अभंगाचे शब्द बुजवू लागतो.

आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयीन बँडमध्ये बेस गिटार हाती घेणाऱ्यांनाही हे लागू पडते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसमुळे रूढ झालेल्या या चार तारांच्या वाद्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि त्या स्वराची लहर हवेत ८ मीटरांहून लांब असते. म्हणून सरावाच्या लहान खोलीत तो स्वर एका कोपऱ्यात फुगतो, काही पावलांवर विरतो, आणि वादकाचा स्वतःच्या हाताविषयी सहज चुकीचा ग्रह होतो. चपळाईलाच गुण मानण्याची सवय तर याहून घातक आहे. मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत. एखाद्या शिक्षकाने ही सवय दोष म्हणून सुधारली असती, तर त्यांच्या वादनाचा प्राणच काढून घेतला असता, कारण प्रत्येक स्वराला लाभणारे वजन त्या एका बोटाचे होते. याउलट जॅको पास्टोरियस यांनी पडदे नसलेल्या बेसवर गळ्यासारखा गाणारा स्वर काढला, आणि त्यांच्या बळाचे मूळ सुरेल कानात होते.

असे बळ वादकाला स्वतःला उशिरा कळते, सोबत्यांना लवकर. एकच गाणे बँडसोबत एकदा लांबवलेल्या आणि एकदा तोडलेल्या स्वरांनी वाजवून ध्वनिमुद्रण ऐकले, तर गायकाचा श्वास कुठे मोकळा झाला आणि ड्रमवादकाने अनावश्यक ठोके कुठे आपणहून सोडले, हे स्पष्ट ऐकू येते.