तारा घडताना पाणी काय सांगते

तारा घडतो तो वायू आणि धुळीच्या दाट ढगाच्या पोटात, जिथले साध्या दुर्बिणीला काहीच दिसत नाही. ढगातला बहुतेक वायू हायड्रोजनचा. पण इतक्या थंडीत त्याचे रेणू जवळजवळ मुके असतात. म्हणून आतली हालचाल इतर रेणूंच्या लहरींवरून ओळखावी लागते. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइड सोयीचा आहे, कारण तो मुबलक आहे आणि जमिनीवरून टिपता येतो. मग पाण्यासाठी दुर्बीण अवकाशात का न्यायची? (पृथ्वीच्या हवेतली वाफ तिकडच्या थंड वाफेचा संकेत गिळून टाकते, म्हणून न्यावी लागते.) माझ्या मते हा खटाटोप सार्थ आहे. थंड ढगात पाणी धूलिकणांवर गोठून बसते आणि वाफ उरते ती हायड्रोजनच्या जेमतेम अब्जांश. तापमान उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास चढले की त्या बर्फाची वाफ होते आणि प्रमाण दहा हजारांत एकाच्या घरात जाते. कार्बन मोनॉक्साइड ढगभर चमकतो. पाणी मुख्यतः जिथे काही घडते आहे तिथे उजळते.

युरोपच्या ‘हर्शेल’ दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात हे दाखवून दिले. वृषभ राशीतल्या एल १५४४ या ढगात अजून तारा पेटलेलाही नाही. तरी २०१२ मध्ये तिथे पृथ्वीवरच्या महासागरांच्या दोन हजार पटींहून जास्त वाफ असल्याचे जाहीर झाले. त्याहून मोलाचा होता तिच्या वर्णरेषेचा आकार. आपल्या बाजूचा वायू आपल्यापासून दूर, म्हणजे केंद्राकडे, जाताना दिसला. ढग खरोखरच आत कोसळतो आहे, याचा तो थेट पुरावा. यावर रास्त आक्षेप असा, की खगोलशास्त्रज्ञ एविन व्हान डिशूक यांच्या गटाला बहुतेक तरुण ताऱ्यांपाशी पाण्याचा प्रकाश मिळाला तो आत पडणाऱ्या नव्हे, तर बाहेर फेकल्या जाणाऱ्या, धक्क्यांनी तापलेल्या वायूतून. पण हे झोतही जन्माचाच भाग आहेत. फिरणाऱ्या वायूचा कोनीय संवेग झोतांवाटे बाहेर गेल्याशिवाय त्याला ताऱ्यापर्यंत पोहोचणे अवघड असते. पाण्याच्या मुख्य रेषा फार गडद असल्याने प्रमाण मोजताना चूक होते, हा दुसरा आक्षेपही खरा आहे; मात्र जड ऑक्सिजन किंवा ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेले पाण्याचे विरळ रेणू ही अडचण बरीच दूर करतात, आणि ते चिलीतल्या ‘अल्मा’ दुर्बिणीला जमिनीवरूनही दिसतात. मृग नक्षत्राच्या दिशेला, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, व्ही ८८३ ओरायनिस या ताऱ्याच्या उद्रेकाने भोवतालच्या वायू-धुळीच्या तबकडीतला बर्फ वाफाळला होता. तिथले ड्यूटेरियमचे प्रमाण २०२३ मध्ये आपल्या धूमकेतूंतल्या पाण्याशी मिळतेजुळते निघाले. अशा तबकडीतले पाणी ताऱ्याच्या आधीचे, मूळ ढगातलेच असते, या मताला त्यातून भक्कम आधार मिळाला आहे.